पाटीवरचा आकडा

आज सात डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. शाळा-कचेऱ्यांत कागदी ध्वज छातीला टाचले जातील, निधीचे डबे फिरतील आणि कोणत्या जिल्ह्याने उद्दिष्ट ओलांडले याच्या बातम्या यथावकाश आतल्या पानांवर येतील. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. माजी सैनिक आणि वीरपत्नींसाठी तो पैसा खर्च होतो, तेव्हा डबा समोर आला की खिशात हात घालावा हे उत्तम. पण याच तारखेला महाराष्ट्राचा आणखी एक धागा आहे आणि तो ध्वजदिनाहून जुना आहे. ७ डिसेंबर १९१५ रोजी तेव्हाच्या मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या एका वळणावर वसलेल्या कूत-अल-अमारा या गावाला तुर्की फौजेने वेढा घातला. आत कोंडली गेली ती सहावी डिव्हिजन. तिचे अधिकृत नावच ‘पूना डिव्हिजन’ असे होते आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या.

वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य संपत आले तसे घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. गोऱ्या सोल्जरांनी ते मांस खाल्ले. आपल्याकडच्या बहुतेक शिपायांनी कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही, आणि ताज्या भाजीपाल्यावाचून हिरड्या सुजून, सांधे धरून ते रुग्णांच्या रांगेत आडवे झाले. वेढा फोडायला आलेल्या फौजेची मेलेली आणि जखमी झालेली माणसे आत अडकलेल्यांपेक्षाही जास्त भरली, तरी वेढा फुटला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळ एका बेटावर प्रशस्त घर मिळाले. शिपायांना उन्हातून, वाळवंटातून पायी हाकलत उत्तरेकडे नेले गेले. त्या वाटेवर आणि नंतरच्या कैदेत हजारो मेले.

या पलटणींत भरती झालेल्या माणसांची घरे सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे, नगर अशी पसरलेली होती. युद्ध संपल्यावर, जास्त माणसे देणाऱ्या अनेक गावांना सरकारने एकेक संगमरवरी पाटी दिली. त्यांतल्या कित्येक आजही जागेवर आहेत: कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेच्या व्हरांड्यात, कुठे मारुतीच्या देवळाच्या ओट्याला. मजकूर जवळपास सगळीकडे एकाच साच्याचा. या गावातून अमुक माणसे १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी अमुक माणसांनी प्राण दिले. कुठे हे इंग्रजीत आहे, कुठे मराठीत, कुठे दोन्हींत. वाक्य एकदाच ठरले, गावागणिक बदलले ते फक्त दोन आकडे. युद्ध तर १९१८ च्या नोव्हेंबरात थांबले, मग पाटीवर १९१९ कसे, असे एखादे चुणचुणीत पोर विचारते. तोफा थांबल्या त्या ११ नोव्हेंबर १९१८ ला. जर्मनीशी तह झाला २८ जून १९१९ ला. सरकारी हिशेबाने धरली ती दुसरी तारीख. आणि मेसोपोटेमियातल्या हिंदी पलटणी तहानंतरही लगेच घरी परतल्या नाहीत, हे त्या पोराला सांगायला हरकत नाही.

पाटीवरच्या दोन आकड्यांची वजाबाकी केली की परत आलेल्यांची संख्या मिळते. त्यापलीकडे पाटी काही सांगत नाही. नाव एकाचेही नाही. पलटण कोणती, मेले कुठे, कोणत्या साली, गोळीने की पटकीने, काही नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जडला, कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावाची ४६ माणसे कामी आली. अपशिंग्याने आपली आठवण जपली, घरटी फौजेतला माणूस देण्याची रीत चालू ठेवली. सगळ्या गावांना ते जमले नाही. पणजोबा ‘बसऱ्याला गेले’ एवढे घरात ठाऊक असते, आणि त्यांचा समावेश पाटीवरच्या पहिल्या आकड्यात की दुसऱ्यात, हे सांगणारे माणूस आता घरात उरलेले नसते.

बसऱ्यात तरी काय आहे? तिथले स्मारक १९२९ साली उभे राहिले. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरीचा वा दहनाच्या जागेचा पत्ता नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी ते आहे. ब्रिटिश शिपायांची नावे त्याच्या भिंतीवर एकेक करून कोरली. हिंदी सुभेदार-जमादारांचीही कोरली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके हिंदी शिपाई’ एवढी एक ओळ आली. पुढे १९९७ साली सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारक मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्याला वाळवंटात नेऊन उभे केले गेले. म्हणजे माणूस जिथून निघाला त्या खेड्यात आकडा, आणि जिथे पडला तिथल्या भिंतीवरही आकडाच.

याला तेव्हाची रीतच तशी होती असे म्हणून सोडून देता येत नाही. पुण्यात खडकीच्या युद्धस्मशानात जाऊन पाहावे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मरण पावलेल्या आणि ज्यांच्या दूरदूरच्या कबरी आता सांभाळता येत नाहीत अशा अठराशेंहून अधिक सैनिकांची नावे तिथे दगडावर आहेत, व्यवस्थित, हुद्द्यासह, पलटणीसह. त्याहून जुना दाखला हवा तर तिथून फार लांब जावे लागत नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतली बावीस नावे ‘नाक’ या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. नावे होती म्हणून पुढच्या पिढ्यांना त्या दगडात आपले पूर्वज सापडले आणि १९२७ च्या पहिल्या जानेवारीला बाबासाहेब तिथे उभे राहिले. समजा त्या स्तंभावर ‘इतके शिपाई पडले’ एवढेच लिहिले असते, तर? शंभर वर्षे आधी ईस्ट इंडिया कंपनीला जे सुचले ते साम्राज्याला सुचले नाही. खर्च, घाई आणि हिंदी शिपायाच्या घरच्यांना नावाचे काय अप्रूप, असा पक्का समज, अशी तिन्ही कारणे त्यामागे होती.

हे आता त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने, म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने, एप्रिल २०२१ मध्ये आपल्या इतिहासाची चौकशी करणारा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या अंदाजे ४५ हजार ते ५४ हजार आशियाई-आफ्रिकी मृतांचे स्मरण गोऱ्यांच्या बरोबरीने झाले नाही, आणि किमान एक लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावानिशी नोंदच झाली नाही किंवा मुळीच झाली नाही, असे त्यात म्हटले आहे. आयोगाने माफी मागितली, ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात मागितली. माफीने आपल्याकडच्या एकाही पाटीवर एकही नाव उमटले नाही. ते काम लंडनहून होणारही नाही.

हे काम स्थानिक आहे, कंटाळवाणे आहे आणि ते हौशी लोकांनीच करायचे आहे, असे आमचे म्हणणे आहे. महाराष्ट्रातल्या सगळ्या युद्धस्मारक पाट्यांची, म्हणजे गावच्या, शाळेच्या, देवळा-चर्चच्या, कारखान्याच्या, बंदराच्या पाट्यांची एकच सूची व्हावी, आणि त्या सूचीला जोडून माणसांची. ही कल्पना नवी नाही. ब्रिटनमध्ये इम्पीरियल वॉर म्युझियमने १९८९ मध्ये अशी गणती सुरू केली. गावोगावच्या स्वयंसेवकांनी फॉर्म भरून, फोटो काढून पाठवले आणि आज तिच्यात नव्वद हजारांहून अधिक स्मारके नोंदलेली आहेत. चौकातला पुतळा आणि चर्चमधली पितळी पट्टी, दोन्हींना तिथे सारखीच नोंद. एवढेच काय, पाडल्या गेलेल्या, हरवलेल्या स्मारकांचीही नोंद. ऑस्ट्रेलियात तर शाळेशाळेत, सभागृहांत, बँकांत लाकडी सन्मानफलक आहेत, सोनेरी अक्षरांत. तिथल्या बऱ्याच फलकांवर मेलेल्यांबरोबर परत आलेल्यांचीही नावे आहेत. मेलेल्यांच्या नावापुढे क्रूस. सक्तीची भरती तिथल्या जनतेने १९१६ आणि १९१७ अशी दोनदा मतदानाने फेटाळली होती, त्यामुळे जो गेला तो आपल्या मर्जीने गेला, आणि गेल्याचीच नोंद व्हावी असे गावाला वाटले. आपल्या पाट्यांवरही गेलेल्यांचा आकडा आधी आणि मेलेल्यांचा नंतर आहे. तेवढ्यापुरती दोन्हींची जात एक.

आपल्या अधिक जवळचा धडा लाहोरचा. पंजाब सरकारने युद्धानंतर गाववार नोंदवह्या केल्या होत्या: कोण गेला, कुणाचा मुलगा, कोणती पलटण, परत आला का. लाहोर म्युझियमच्या तळघरात त्या सत्त्याण्णव वर्षे पडून होत्या. ब्रिटनमधल्या पंजाबी मंडळींची एक हौशी संस्था आणि ग्रिनिच विद्यापीठ यांनी मिळून त्यांचे डिजिटायझेशन हाती घेतले. तीन लाख वीस हजार सैनिकांच्या या नोंदींतले जालंधर, लुधियाना आणि सियालकोट हे तीन जिल्हे २०२१ च्या नोव्हेंबरात आधी खुले झाले. सगळे पूर्ण होईपर्यंत थांबायचे नाही, जेवढे झाले तेवढे लोकांपुढे ठेवायचे, हा त्यातला घेण्यासारखा भाग. आपल्याकडच्या हौशी प्रकल्पांना नेमका याच्या उलट रोग असतो. आधी बोधचिन्ह, मग उद्‌घाटन, मग मंत्रिमहोदयांच्या हस्ते संकेतस्थळाचे लोकार्पण. पहिली पाटी नोंदायला वेळ मिळतो तोवर उत्साह संपलेला असतो.

सुरुवात कागदाच्या तक्त्याने व्हावी, आणि एका तालुक्यापासून. पाटी कुठे आहे, कशाच्या भिंतीत, दगड कोणता, अक्षरे कोरलेली की रंगवलेली, स्थिती कशी, आणि मजकूर जसाच्या तसा. ‘जसाच्या तसा’ हे सांगायला सोपे आणि पाळायला फार अवघड. गांवच्या डोक्यावर अनुस्वार आहे तर तो तसाच राहिला पाहिजे. चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ, उलटा कोरलेला आकडा, काहीही सुधारायचे नाही. स्वयंसेवक सुशिक्षित असला की त्याचा हात शिवशिवतो. त्यात काही ठिकाणी गावाने प्रेमापोटी पाटीला ऑइलपेंट दिलेला असतो. संगमरवरात कोरलेले अक्षर झिजले की रंगवणारा अंदाजाने त्यावर ब्रश फिरवतो. पुढच्या वेळी दुसरा रंगारी पहिल्याच्या रंगावर फिरवतो, आणि तिनाचे आठ व्हायला दोन दिवाळ्या पुरतात. म्हणून रंग वाचायचा नाही, खाच वाचायची. संध्याकाळी अंधार पडल्यावर पाटीच्या एका बाजूने, अगदी भिंतीला लावून टॉर्च धरावा. उजेड आडवा पडला की खाचेत सावली भरते आणि दिवसा न दिसलेला आकडा उठून येतो. खडू घासायचा नाही, चुना लावायचा नाही, ‘स्वच्छता’ म्हणून ॲसिड तर मुळीच नाही. वाचणारे दोघे हवेत, दोघांनी वेगवेगळे लिहावे आणि मग ताडून पाहावे. जुळले नाही तर दोन्ही वाचने सूचीत राहू द्यावीत.

वीरगळांच्या बाबतीत आपण हे थोडेफार शिकलो आहोत. गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात शेंदूर फासलेले ते दगड: खालच्या चौकटीत लढाई, वर अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याला चंद्रसूर्य. बहुतेकांवर नाव नसते. गेल्या काही वर्षांत ट्रेकर आणि इतिहासप्रेमी तरुणांनी हे दगड शोधून, फोटो काढून, त्यांच्या याद्या करायला सुरुवात केली. हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक वीराकडे ज्या डोळ्यांनी पाहिले जाते, ते शंभर वर्षांपूर्वीच्या संगमरवराकडे अजून वळलेले नाहीत. कारण उघड आहे. वीरगळ आपला वाटतो. ही पाटी साहेबाची वाटते.

हा संकोच खरा आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. ही माणसे साम्राज्यासाठी लढली. पगारासाठी गेली, दुष्काळाला कंटाळून गेली, पाटील-मामलेदारांच्या दडपणामुळे गेली, पलटणीत बाप होता म्हणून गेली. लोकमान्य टिळकांनी भरतीला सरसकट विरोध केला नव्हता. स्वराज्याचे आश्वासन आणि बरोबरीचे हुद्दे द्या, असे त्यांचे मागणे होते. जून १९१८ मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डनने युद्धपरिषद बोलावली, तिथे टिळकांनी तोच विषय काढताच त्यांना मध्येच अडवले गेले आणि ते सभात्याग करून बाहेर पडले. पुढच्याच एप्रिलात जालियनवाला बाग झाले. स्वतंत्र देशाला ही आठवण अवघड जागची वाटली यात नवल नाही. परंतु पाट्यांची सूची करणे म्हणजे साम्राज्याचा जयजयकार करणे नाही आणि त्याचा पंचनामा करणेही नाही. तळटीप, शेरा, विशेषण यांपैकी काहीही न लावता कोण गेला हे लिहिणे, एवढाच तिचा मामला. कौतुक करायचे की हळहळायचे, ते वाचणारा ठरवील.

पाटीच्या तक्त्याशेजारी माणसांचा तक्ता वेगळा ठेवावा लागेल, आणि खरी मेहनत तिथे आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची यादी कुणालाही पाहता येते. बसऱ्याच्या भिंतीवर जे शिपाई नुसता आकडा होऊन बसले, त्यांच्याही नावनिशीवार नोंदी त्यात आहेत: क्रमांक, हुद्दा, पलटण, तारीख, आणि बऱ्याच ठिकाणी बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा. म्हणजे नाव मधल्या एका वहीत आहे. दोन्ही टोकांच्या आकड्यांशी त्याची गाठ घालून देणारे कोणी नाही. ही गाठ मारणे म्हणजे इंग्रजी कारकुनाने ऐकून लिहिलेल्या स्पेलिंगमधून मराठी गाव ओळखणे. खेड म्हटले की पुण्यातले की रत्नागिरीतले? कर्जत रायगडातले की नगरचे? पिंपरी किंवा वडगाव तर विचारूच नये. त्यात जिल्हे हलले. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आजचा बराचसा सांगली जिल्हा होता. कुलाब्याचा रायगड झाला, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग निघाला, नगरचे अहिल्यानगर झाले. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली आणि त्यांची माणसे ठाणे, रायगड, सोलापूरपर्यंत पांगली. पाटी असली तर ती गावाबरोबर निघाली की धरणात राहिली, हे त्या-त्या वसाहतीत जाऊनच विचारायला हवे. हे कोडे संगणक सोडवणार नाही. ते सोडवील तालुक्याच्या गावी पोस्टात किंवा भूमिअभिलेखात तीस वर्षे काढून निवृत्त झालेला माणूस, ज्याला वाडी-वस्तीसह गावांची नावे तोंडपाठ आहेत. अशी माणसे अजून आहेत. फार वर्षे नसतील.

घराघरांतून पुरावा निघेल तो वेगळाच. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत ठोकलेली असते. देव्हाऱ्यात किंवा ट्रंकेत पडलेले पदक उभे धरून भिंग लावले की दिसते. लढणाऱ्यांचे ते युद्धपदक चांदीचे असे. हमाल, खेचरवाले, मजूर तुकड्यांतल्या बऱ्याच जणांना तेच पदक काशाचे मिळाले. चांदीची किती पदके अडीअडचणीला सोनाराकडे गेली असतील, त्याचा अंदाजच केलेला बरा. पेन्शनची, जमिनीची जुनी कागदपत्रे असतील तर त्यांतली बरीच मोडीत असतील, म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या गटात एक तरी मोडी वाचणारा हवा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, दप्तरे उचकून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ जमवली, ती कुणी नेमून दिलेली नोकरी नव्हती. त्या परंपरेचा अभिमान आपण भाषणांत पुष्कळ मिरवतो.

एक धोका आधीच सांगून ठेवला पाहिजे. अशा सूच्या पाहता पाहता एका जातीच्या, एका पलटणीच्या गौरवगाथा होतात. महारांची भरती १८९० च्या दशकात बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्या बंदीविरुद्ध अर्ज लिहिला होता. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली गेली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली गेली. गावच्या पाटीवरच्या आकड्यात महारवाड्यातला माणूस धरलेला आहे का, हे पाटी पाहून कळत नाही. गावाला विचारले तर गाव काय सांगेल, तेही आपण जाणतो. त्यामुळे स्वयंसेवकाने चावडीवर चहा घेऊन परतायचे नाही, सगळ्या आळ्यांत जायचे. खलाशांचेही तसेच. कोकणातले मुसलमान, गोव्यातले ख्रिस्ती, रत्नागिरीचे खारवी-भंडारी बोटींवर कोळसा ओढत, स्वयंपाक करत या युद्धांतून गेले आणि पाणतीराने बुडाले. मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक जणांची नामावली पुस्तकरूपात आहे, एक प्रत मुंबईत आणि एक चितगावला. खलाशाच्या गावाला पाटी मिळाली नाही, कारण तो पलटणीचा नव्हता. सूची फक्त पाट्यांपुरती ठेवली तर साहेबाने जे वगळले ते आपणही वगळू.

दुसऱ्या महायुद्धापासून पुढचे काम तुलनेने सोपे आहे. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ ला पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधी नाही, पण कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे आणि माणगावात पुतळा आहे. स्वातंत्र्यानंतरच्या युद्धांतले जवान दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात नावानिशी आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ ला ते खुले झाले तेव्हा तिथे २५,९४२ नावे होती. या काळाबाबत काळजी वेगळी. वीरपत्नी, वीरमाता हयात आहेत, आणि त्यांचा पत्ता वा फोन नंबर खुल्या सूचीत टाकायचा नाही, हा नियम पहिल्याच पानावर हवा. फसवणूक करणारे अशा याद्यांच्या शोधातच असतात.

राहता राहिला प्रश्न सूची ठेवायची कुठे. हौशी कामे बहुधा एका झपाटलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर जगतात आणि त्याच्याबरोबर संपतात. सूचीच्या तीन तरी प्रती तीन वेगळ्या हातांत असाव्यात: जिल्हा ग्रंथालयात, एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात, आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या जुन्या संस्थेत. दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी छापील प्रतही काढावी. छापील प्रत बिघडत नाही, पासवर्ड मागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिली, तरी सरकारकडून तेवढे पुरे. पैसे मागायला गेलो तर निविदा निघेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरांत दरवर्षी हजारो मुले खेड्यांत आठवडाभर मुक्कामाला जातात, भिंती रंगवतात, खड्डे खणतात. त्यांतली चार मुले एका संध्याकाळी टॉर्च घेऊन पाटीपाशी बसली तर त्या गावाचे काम होते.

शिबिरे याच महिन्यात सुरू होतील. ग्रामपंचायतींसाठीही एक तारीख ठरलेलीच आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय घालावा: गावात अशी पाटी असल्यास ती ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या नोंदवहीत चढवणे, आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय ती हलवायची नाही, रंगवायची नाही, तिच्यावर फ्लेक्स लावायचा नाही. शाळेची किंवा चावडीची जुनी इमारत पाडून नवी बांधायचा ठेका निघतो, तेव्हा ठेकेदाराच्या लेखी भिंतीतला संगमरवर म्हणजे डबर. नोंदवहीत एक ओळ असली की ती पाटी काढून बाजूला ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.